तोंड गेलेल्या फाइली

वारिजाच्या एकाही फाइलला तोंड उरलेलं नाही हे कळलं, तेव्हा सुगंधीअक्का मागच्या दारी बांगडे साफ करत बसली होती. रविवार होता. धाकट्या बहिणीच्या, वारिजाच्या, वर्षश्राद्धासाठी ती बजगोळीहून मंगळूरला आली होती. विधी आटोपला होता, पण बहिणीच्या नवऱ्याला, वामनला, दोन दिवस नीट जेवू घालावं म्हणून ती मागे राहिली होती. बसल्या जागेवरून तिनं हाक मारली, "वामनण्णा, तिनं गोळा केलेलं एखादं गाणं लावा की. हात कामात आहेत, कान रिकामेच आहेत."

वामन सालियननं लॅपटॉप उघडला. वर्ष होईपर्यंत काही ऐकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि आता वर्ष झालं होतं.

वारिजा शाळेत शिकवायची आणि सुट्टीत कार्कळच्या बाजूची खेडी फिरून म्हाताऱ्या बायकांकडून 'ओ बेले' गोळा करायची. ही भातलावणीच्या वेळी शेतात म्हणायची तुळू गाणी. आता लावणी यंत्रानं होते, यंत्राच्या आवाजात कोण गाणार? ज्यांना गाणी येत होती त्या बायका एकेक करून चालल्या होत्या. तीनशेच्या वर गाणी तिनं जमवली होती.

यादीत सगळी गाणी नीट दिसत होती. प्रत्येकापुढे 'ध्वनी' असं लिहिलेलं. त्यानं पहिलं दाबलं. पडद्यावर चक्र फिरलं आणि थांबलं. ही फाइल वाजवता येत नाही. दुसरी दाबली. तिसरी. मग मधलीच एक, मग शेवटची.

"काय झालं?" बाहेरून सुगंधीअक्का म्हणाली. "तुमच्या मशीनचा पण घसा बसला का?"

त्यानं प्रेसिलाला फोन लावला.

प्रेसिला आणि तो एकाच कंपनीत गेली कित्येक वर्षं शेजारी बसत. वारिजा प्रेसिलाचीही मैत्रीण होती.

"चर्चमध्ये आहेस का?"

"बाहेर आले. डुकराच्या मटणाच्या रांगेत उभी आहे. बोल."

"वारिजाच्या फाइली वाजत नाहीत."

"कुठल्या?"

"एकही नाही."

"आतलं कच्चं उघड बरं. पहिली अक्षरं कोणती आहेत?"

वामननं फाइल नुसत्या बाइटांच्या रूपात उघडली. अगदी सुरुवातीला एक चौकटीसारखी खूण, मग उद्गारचिन्ह, मग ए, एम, आर ही अक्षरं दिसायला हवी होती. वारिजाच्या जुन्या फोनच्या फाइलीची तीच ओळख. ती तिथं नव्हती.

"काहीतरी भलतंच आहे," तो म्हणाला. "मधूनच सुरू झाल्यासारखं."

पलीकडे खाटकाचा सुरा लाकडावर आपटल्याचा आवाज येत होता. मग प्रेसिला हळू म्हणाली, "वामन, आपण पहिला तुकडा पुढे सोडलाच नाही."

त्याला लगेच कळलं.

दोघं मिळून ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअरचं एक अवजार बनवत होते. जुनं साहित्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी साठवायला पाठवायचं, आणि जाता जाता प्रत्येक वस्तू कसली आहे ते ओळखायचं. फाइली मोठ्या असतात, अख्ख्या हातात धरून बसता येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये त्या तुकड्या-तुकड्यानं वाहत जातात. हातात आलेला तुकडा बघायचा आणि पुढे सोडायचा. एकदा वाचलेलं परत येत नाही. चित्र आहे की गाणं की पुस्तक, ते फाइलीच्या नावावरून ठरवायचं नसतं, कारण नाव कुणीही काहीही देतो. पण फाइल स्वतः आपल्या पहिल्या चार-सहा बाइटांत सांगून टाकते की मी कोण. वामनला इतक्या वर्षांनंतरही याचं नवल वाटे. जगात रोज केवढं काय लिहिलं जातं, आणि त्यातलं बहुतेक सगळं आधी स्वतःची ओळख सांगून मग बोलायला लागतं.

वारिजाच्या फाइलींवर हे अवजार आधी चालवून बघावं ही कल्पना वामनचीच. तिच्या फाइलींना नाव म्हणून नुसता आकडा होता. नावामागचं टिंब आणि तीन अक्षरं तिला कचरा वाटायची, ती ते पुसून टाकायची. ओळखण्याची परीक्षा घ्यायला याहून चांगलं काय मिळणार? शिवाय ती गेल्यावर तिच्या जुन्या लॅपटॉपची डिस्क करकरायला लागली होती, म्हणून त्यानं घाई केली. अवजारानं प्रत्येक फाइलचा पहिला तुकडा हातात घेतला, बघितला, 'ध्वनी' असं बरोबर सांगितलं, आणि मागचं सगळं पुढे जाऊ दिलं. हातातला तुकडा पुन्हा प्रवाहाच्या तोंडाशी ठेवायची ओळ कोडमध्ये लिहायची राहून गेली होती. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. टेस्टमध्ये विचारलं होतं, हे काय आहे? सगळं पोचलं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. ज्यांचं सगळं लक्ष ओळखण्याकडे असतं त्यांच्याच हातून अशी चूक होते.

त्यानंतर काही दिवसांनी डिस्क बंद पडली, आणि मूळ फाइली दुसरीकडे कुठे नव्हत्या. हंपनकट्ट्याच्या दुरुस्तीवाल्यानं ती उघडून तिच्यावरचा गोल ओरखडा दाखवला आणि पैसेसुद्धा घेतले नाहीत.

"किती गेलं असेल?" वामननं विचारलं.

"तुकडा नेहमीच्याच मापाचा. मोठ्या फोनच्या फाइलीत चार सेकंदंसुद्धा गेली नसती. पण तिचा तो छोटा फोन..." प्रेसिलानं मनातल्या मनात हिशेब केला. "प्रत्येक गाण्याची पहिली चाळीस सेकंदं गेली असतील."

वामननं फोन ठेवला.

वारिजा मुद्दाम जुना बटणांचा फोन वापरायची. मोठा फोन समोर धरला की म्हाताऱ्या पदर सावरून फोटोला बसायच्या, तोंडातून शब्द निघायचा नाही. छोटा फोन पायरीवर ठेवला की त्यांना त्याचा विसर पडे. वामन तिला स्कूटरवरून न्यायचा. ती बटण दाबायची आणि विचारायची, "आज्जी, नाव सांग. घर सांग. कुणाच्या शेतात लावणी केली ते सांग." म्हातारी म्हणायची, "नाव कशाला ग, माझं लग्न लावणार आहेस?" वारिजा हसायची. नाव ती लिहून घ्यायची नाही. म्हणायची, तिचं नाव तिच्याच तोंडून येऊ दे. इतकं झालं की वामन चहा प्यायला नाक्यावर जायचा. गाण्यातलं त्याला कळत नव्हतं. गाणं संपलं असेल अशा अंदाजानं तो परत यायचा.

म्हणून त्याच्या लेखी वारिजा त्या पहिल्या चाळीस सेकंदांतच होती. पुढचं सगळं दुसऱ्यांचं. घरात तिचा आवाज दुसरा कुठे नव्हता म्हटलं तरी चालेल. भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ती ताट घेऊन काहीतरी बोलत जाते, पण मागे बँड आहे.

सुगंधीअक्का हात धुऊन आत आली. त्यानं तिला जमेल तसं सांगितलं.

"म्हणजे तिचं बोलणं गेलं?"

"गेलं."

"आणि गाणी?"

"गाणी आत असतील. पण आपण कोण ते फाइलला सांगता येत नाही, म्हणून कुणी तिला वाजवत नाही."

सुगंधीअक्कानं विचार केला. "आमच्या शेजारची गुलाबी तशीच आहे. बोलायला गेली की अडते, नाव सांगता सांगता बस निघून जाते. पण भजनात तिच्याएवढं सरळ कुणी म्हणत नाही." मग ती बांगडे तळायला गेली.

सोमवारी वामन कचेरीत पोचला तेव्हा प्रेसिला आधीच येऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"एकदा शिवी दे रे बाबा, माराया," ती म्हणाली. "म्हणजे मला काम सुचेल."

"शिव्या वारिजा द्यायची. मला कुठं येतात?"

"तिनं दिली असती. चांगली दिली असती." प्रेसिलानं नाक पुसलं आणि खुर्ची सरकवून त्याला जागा केली.

त्यांनी तोंड गेलेली एक फाइल पुन्हा आपल्याच अवजाराला दाखवली. अवजारानं पहिले बाइट बघितले आणि सांगितलं, अनोळखी. काहीही असू शकेल. त्याचं चुकत नव्हतं. त्याला तेवढंच बघायला शिकवलं होतं.

"डोळ्यांनी बघू," प्रेसिला म्हणाली.

फाइलमधले बाइट पडद्यावर ओळीनं मांडले. नुसता गोंधळ. आकडे, अक्षरं, टिंबं, काही अर्थ नाही. प्रेसिला एका ओळीत किती बाइट दाखवायचे ते बदलत होती. वीस. चोवीस. तीस. गोंधळ तसाच. मग तिनं बत्तीस केले.

पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ उभी राहिली.

रेघ म्हणजे एकच चिन्ह, गणितातलं 'पेक्षा लहान' असतं ते. प्रत्येक ओळीत त्याच जागी तेच. आजूबाजूचं सगळं ओळीगणिक बदलत होतं, हे एक बदलत नव्हतं. प्रेसिलानं फाइल खाली सरकवली. रेघ चालूच. आणखी सरकवली. चालूच.

"नेजी लावल्यासारखं," ती म्हणाली. नेजी म्हणजे भाताची रोपं.

वामन बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. कधीतरी वाचलं होतं. तो छोटा फोन आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो, एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकडा बत्तीस बाइटांचा, आणि प्रत्येकाच्या पहिल्या बाइटात फोन ते चिन्ह ठेवतो: इथून पुढचा तुकडा, या मापाचा. म्हातारी गात असो, श्वास घेत असो, की नुसता कावळा ओरडत असो, सेकंदाला पन्नास वेळा फोननं ते मुकाट्यानं लिहिलं होतं. वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर उभं राहिलं ते आज. फाइल आपली ओळख फक्त तोंडाशी सांगते असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. ही तर अंगभर सांगत होती.

"पहिलं चिन्ह कितव्या बाइटवर आहे?" त्यानं विचारलं.

प्रेसिलानं मोजलं. "सातव्या. आधीचे सहा म्हणजे अर्ध्यात कापलेल्या तुकड्याचं शेपूट. टाकून द्यायचे." तिनं पुन्हा मोजलं. "वामन, फाइलची ओळख किती बाइटांची असते?"

त्यानं बोटांवर मोजलं. चौकटीची खूण, उद्गारचिन्ह, तीन अक्षरं, आणि ओळ संपल्याची खूण.

"सहा."

मग वामननं कागद ओढून गणित केलं. अवजाराच्या हातात राहिलेल्या तुकड्याचं माप बत्तीसनं पूर्ण भागलं जातं, म्हणून पुढे जेवढी ओळख, तेवढंच मागे शेपूट उरणार. असंच होणार होतं, यात जादू काही नव्हती. त्यानं कागद प्रेसिलाकडे सरकवला. तिनं तो वाचला, मान डोलावली, आणि तरी कपाळाला बोटं लावून क्रूसाची खूण केली. गणित समजलं म्हणून वामनला नवल कमी वाटलं नाही, उलट जास्तच वाटलं. चूक त्यांची होती, आणि चुकीनं नेमकी तेवढीच जागा सोडली होती.

प्रेसिलानं त्या सहा निकामी बाइटांवर फाइलची ओळख लिहिली. फाइलची लांबी बदलली नाही, दुसरं काही हललं नाही.

"तू दाब," ती म्हणाली.

वामननं दाबलं.

अर्ध्या शब्दातून एक म्हातारा आवाज बाहेर आला. जाड, जरा फाटलेला, ओळ लांबवत नेणारा. ओळ संपली तशी फोनच्या जवळून दुसऱ्या एका बाईनं ती उचलली: "ओ बेले..." मग म्हातारीनं पुढची टाकली. मागे कुठंतरी वासरू ओरडलं. कचेरीतली दोघं-तिघं वळून बघायला लागली. प्रेसिलानं आवाज बारीक केला, बंद मात्र केला नाही.

दुपारपर्यंत त्यांनी छोटा कोड लिहून सगळ्या फाइलींना ओळख परत दिली. कोड प्रत्येक फाइलमध्ये आधी ती उभी रेघ शोधत होता, मगच हात लावत होता. वामन मधूनमधून एखादी लावून वाजते ना एवढंच बघत होता. वाजत होत्या. म्हाताऱ्या बायका, आणि कुणीतरी ओळ उचलणारी. शेजारीण असेल, सून असेल. पेनड्राइव्ह खिशात घालून तो लवकर घरी निघाला. गाणी मिळाली याचं समाधान होतं. वारिजा नाही मिळाली, हे त्यानं मनात एका बाजूला ठेवून दिलं.

घरी सुगंधीअक्का नीर दोसे घालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती जाणार होती.

"मिळाली," वामन म्हणाला आणि लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर ठेवला.

गाणं सुरू झालं. सुगंधीअक्का पाठमोरीच होती. तव्यावर पीठ ओतता ओतता तिनं गुणगुणायला सुरुवात केली. म्हातारीची ओळ संपली तसं तिनंही "ओ बेले" उचललं, मुलगी असताना शेतात उचलायची तसं. लॅपटॉपमधल्या बाईनं तिच्या मागाहून उचललं, एक श्वासभर उशिरा. पुढच्या ओळीलाही तसंच झालं. सुगंधीअक्काचं गुणगुणणं थांबलं. हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"ही वारिजा आहे."

"कोण?"

"कोण काय? दुसरी. मागून घेते ती."

"अक्का, वारिजा गात नव्हती," वामन म्हणाला. "देवळात भजनालासुद्धा ती नुसते ओठ हलवायची."

"भजनाला लाजायची. आता गातेय ना तुमच्या समोर. अजून उशिराच घेतेय बघा. आई चिखलाचा गोळा फेकून मारायची तिला यासाठी. लय म्हणून नव्हतीच तिला."

दोसा करपला. तिनं तो काढून बाजूला टाकला आणि गॅस बंद केला.

"पण ती कशाला गाईल?" वामननं विचारलं. "ती तर गाणी घ्यायला गेली होती."

सुगंधीअक्कानं त्याच्याकडे बघितलं. "ओ बेले एकटीला गाता येत नाही, मारायरे. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. कुणी उचललीच नाही तर पुढची ओळ घशातून वर येत नाही. एकटीला म्हणायला सांगा, आठवतच नाही. या म्हाताऱ्यांची ओळ उचलायला तिथं दुसरं कोण होतं? तुम्ही?"

"मी चहाला जात होतो."

"मग?"

वामननं दुसरी फाइल लावली. पहिला आवाज वेगळा, बारीक, घाईघाईचा. दुसरा तोच. त्यानं तिसरी लावली. पहिला आवाज कापरा, जवळजवळ बोलल्यासारखा. दुसरा तोच, श्वासभर उशिरा. चौथी, पाचवी. एका ठिकाणी म्हातारीला खोकला आला, आणि दुसरा आवाज गायचा थांबून म्हणाला, "पाणी घे आज्जी, सावकाश." मग पुन्हा ओळ उचलली. त्या चार शब्दांनंतर वामनला अक्काला काही विचारायची गरज राहिली नाही. ते त्याच्या घरातलं बोलणं होतं.

तो दाराला टेकून खाली बसला. सकाळपासून त्यानं हा आवाज कितीदा ऐकला होता. फाइल वाजते ना, एवढंच बघत होता. गावं वेगळी, वर्षं वेगळी, गाणाऱ्या वेगळ्या, आणि प्रत्येक गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वारिजा. तो नाक्यावर वडा खात होता तेवढा वेळ ती पायरीवर बसून गात होती. परत येताना स्कूटरवर कधी बोलली नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

त्यानं प्रेसिलाला फोन लावला आणि लॅपटॉपजवळ धरला. दोन ओळी गेल्या.

"ही ती?" प्रेसिलानं विचारलं.

"हो."

"किती फाइलीत आहे?"

"आतापर्यंत उघडल्या त्या सगळ्यांत."

मग प्रेसिला म्हणाली, "बेसूर आहे रे." आणि हसता हसता रडायला लागली. सुगंधीअक्का तव्याकडे वळली, गॅस पेटवला आणि लॅपटॉपमधली पुढची ओळ बहिणीच्या आधी उचलली.

दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या आधी अक्कानं आणखी काही फाइली ऐकल्या आणि दोन आवाज ओळखले. एक नल्लूरची कोरपोलू, ती गेली. दुसरी माळा गावची अप्पी, ती मुलाकडे शिर्व्याला असते. कचेरीत प्रेसिलानं हातातला तुकडा प्रवाहात परत ठेवायची ओळ लिहिली, आणि जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर आलं का, हे विचारणारी टेस्ट तिच्या खाली जोडली.

बाकीच्या गाणाऱ्यांची नावं त्या चाळीस सेकंदांत होती, आणि ती सेकंदं परत येणार नाहीत. ती गाणी घेऊन त्या गावांत जायचं, दारोदार ऐकवायचं, कोण ते विचारायचं, असं वामननं ठरवलं आहे. तो अजून गेलेला नाही. तीनशेहून जास्त गाण्यांना अजून गाणारीचं नाव नाही.